भेदभावाची तक्रार: मुदत किती, खर्च किती

चहाच्या टपरीवर वेगळा कप ठेवला, बोअरवेलवर हंडा बाजूला सारला, रोवणीला त्याच बांधीत राबलेल्या बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी दिली, जात विचारून खोली नाकारली. असे काही घडले की देवरीकडच्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘वकील किती घेईल?’ ‘तक्रार किती दिवसांत द्यावी लागते?’ हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात, आणि नुकसान होते ते तिथेच. पैशाची सोय कायद्याने बरीचशी करून ठेवली आहे. हातून गेलेली मुदत परत मिळवणे अवघड असते, काही ठिकाणी अशक्य.

सप्टेंबर २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल यासाठी ध्यानात ठेवा. कोलकात्याच्या कायदा विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने कुलगुरूंविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली होती. तक्रारीनुसार शेवटचा प्रकार एप्रिल २०२३ मधला आणि अर्ज डिसेंबर २०२३ मधला. कायद्याची मुदत ३ महिने, वाढवून मिळाली तर आणखी ३. अर्ज त्याही पलीकडे गेला म्हणून फेटाळला गेला. हा निकाल कुलगुरूंनी आपल्या परिचयपत्रात नमूद करावा, असे न्यायालयाने सांगितले. तरीही तक्रारीची चौकशी झाली नाही ती नाहीच. कायदा शिकवणाऱ्या संस्थेत हे होते, तर चिचगड किंवा ककोडी भागातल्या अंगणवाडी मदतनीस बाईला तारखा कोण सांगणार?

आपल्याकडे सर्व प्रकारच्या भेदभावाला मिळून एकच कायदा नाही. अमेरिकेत नोकरीतल्या भेदभावासाठी साधारण १८० दिवस, काही राज्यांत ३०० दिवस, असा एक ठरलेला आकडा आहे. आपल्याकडे जातीवरून झालेल्या प्रकाराची मुदत वेगळी, कामाच्या जागेवरची वेगळी, सरकारी नोकरीतली आणखी वेगळी. म्हणून तक्रार लिहिण्याआधी प्रकार कोणत्या कायद्यात बसतो ते बघा. एकाहून जास्त कायद्यांत बसत असेल, तर ज्याची मुदत सर्वात आखूड तिथला अर्ज आधी द्या.

आधी आखूड मुदतींचे

खासगी शाळेतील शिक्षक किंवा कर्मचारी असाल आणि कामावरून काढले, पदावनत केले किंवा बढतीत डावलून मागच्याला पुढे नेले, तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायला आदेश हातात पडल्यापासून फक्त ३० दिवस मिळतात. भेदभावाविरुद्ध दाद मागण्याची या लेखातली ही सर्वात छोटी मुदत. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. ‘संस्थाचालकांशी बोलून बघू’ या आशेवर हा महिना हमखास जातो. बोलणी करा, पण आदेशाच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा आणि अपिलाची तयारी सोबतच चालू द्या.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची मुदत वर आलीच: शेवटच्या प्रसंगापासून ३ महिने. समितीला योग्य वाटल्यास आणि तिने कारण लेखी नोंदवल्यास आणखी ३. जिथे दहा किंवा जास्त माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागा असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. त्यासाठी गोंदियाला जावेच लागते असे नाही. तालुक्यासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याने तक्रार घेऊन ७ दिवसांत समितीकडे पाठवायची असते. देवरीत हे काम कोणाकडे आहे ते तहसील कार्यालयात किंवा एकात्मिक बाल विकास प्रकल्पाच्या कार्यालयात विचारा. बाईला लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

फी नाही, पण नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती द्याव्या लागतात, सोबत कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. झेरॉक्सचे पैसे तेवढे हिशेबात धरा. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. ३ अधिक ३ महिने उलटून गेले असतील तरी पोलिसांचा मार्ग उरतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली शारीरिक लगट किंवा शरीरसुखाची मागणी या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि मुदतही ३ वर्षे. नुसत्या अश्लील शेरेबाजीला १ वर्षापर्यंत शिक्षा, मुदतही १ वर्ष.

सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून १ वर्ष. विभागाकडे अपील करून ६ महिने उत्तरच आले नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष. इथे आश्रमशाळांतील आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाखालील कर्मचाऱ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते: स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. चौथे-पाचवे स्मरणपत्र जाईपर्यंत वर्ष संपलेले असते.

जातीवरून झाले असेल तर

इथे तीन कायदे आहेत आणि तिन्हींची मुदत वेगळी आहे.

पहिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) कायदा, १९८९. जातिवाचक शिवीगाळ, लोकांसमोर अपमान, जमिनीवरून हुसकावणे, वनहक्कात आडकाठी, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार हे सगळे यात येते. कलम ३(१) मधल्या गुन्ह्यांना ६ महिने ते ५ वर्षे शिक्षा आहे. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा ३ वर्षांहून जास्त, त्याला फौजदारी मुदत लागूच होत नाही. म्हणजे कायद्याने हा दरवाजा बंद होत नाही. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक आठवड्याचा उशीर आरोपीच्या वकिलाच्या हाती शस्त्र देतो. उशीर झालाच असेल तर त्याचे खरे कारण तक्रारीतच लिहा: धमकी होती, दवाखान्यात होतो, कामासाठी बाहेरगावी होतो, ठाण्यातून परत पाठवले. कारण नंतर सुचले असे दिसले, तर त्यावर विश्वास बसणे कठीण.

शिवीगाळ आणि अपमानाच्या कलमांत घटना लोकांच्या नजरेसमोर घडली पाहिजे, ही अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात हीच अट पुन्हा अधोरेखित केली. म्हणून घटना कुठे झाली, तिथे कोण कोण हजर होते, कोणते शब्द वापरले गेले, हे पहिल्याच जबाबात यायला हवे. दुसरी गोष्ट, हा कायदा लागू होण्यासाठी आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा लागतो. बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या लोकांना १९९० पासून या संरक्षणाचा हक्क आहे. आदिवासींना धर्माची अट नाहीच.

पहिला जबाब किती महत्त्वाचा, हे या भागाला खैरलांजीने दाखवले. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. एवढ्या भीषण प्रकरणातही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाल्याचे न्यायालयाने मानले नाही. जातीचा हेतू मागाहून सिद्ध करणे किती अवघड असते ते यावरून समजावे.

दुसरा, नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. हॉटेल, पाणवठा, देऊळ, दुकान, दवाखाना, राहण्याची जागा यांत अस्पृश्यतेवरून केलेली अडवणूक यात येते, आणि इथे आरोपीच्या जातीची अट नाही. पण पहिल्या गुन्ह्याची शिक्षा १ ते ६ महिने एवढीच असल्याने मुदत १ वर्षाची आहे. वेगळ्या कपाचे प्रकरण बहुधा इथे बसते. हे वर्ष सहज निघून जाते.

तिसरा महाराष्ट्राचा स्वतःचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा. मंजुरी २०१६ ची, अंमल ३ जुलै २०१७ पासून. जातपंचायतीने वाळीत टाकले, दंड ठोठावला, लग्नकार्याला किंवा मयतीला जायला बंदी केली, तर आपल्याच जातीतल्या पंचांविरुद्धही हा कायदा चालतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून मुदत ३ वर्षे. गुन्हा अखंड चालू असेल, तर तो चालू असेपर्यंत रोज नव्याने मुदत मोजली जाते, हा दिलासा फौजदारी कायद्यात आहे. तरीही वाळीत टाकल्याची पहिली तारीख नोंदवून ठेवा.

मुदत मोजताना घटनेचा दिवस धरत नाहीत. न्यायालयाने दखल कधी घेतली ते बघत नाहीत, तक्रार कधी दाखल झाली ते बघतात. उशिराचे समाधानकारक कारण दिल्यास किंवा न्यायासाठी गरज वाटल्यास न्यायालय उशीर माफ करू शकते, पण तो तुमचा हक्क नसतो.

ठाण्यात काय लागते

पैसे लागत नाहीत. तोंडी सांगितले तरी अधिकाऱ्याने लिहून घ्यायचे, वाचून दाखवायचे, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, असा नियम आहे. घटना देवरी, चिचगड यांपैकी कोणत्याही ठाण्याच्या हद्दीतली असो, किंवा सीमेपलीकडे राजनांदगाव जिल्ह्यात कामाला गेल्यावर घडलेली असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते. मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. अत्याचाराच्या गुन्ह्यात नोंदणीआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने कायद्यात लिहिले आहे. तेव्हा ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असे सांगितले तर कलम १८अ चे नाव घ्या.

तरीही नोंद घेतली नाही तर तीच तक्रार गोंदियाच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला गावाबाहेर ४७ रुपये आणि वर जीएसटी. पावती तक्रारीच्या प्रतीला टाचून ठेवा, पुढे न्यायालयात हाच पुरावा लागतो. तिथूनही काही झाले नाही तर न्यायालयात अर्ज आणि सोबत प्रतिज्ञापत्र.

प्रतिज्ञापत्र म्हटले की अनेकांच्या हातात ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर दिला जातो. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालते. नोटरी केली तर तिची फी वेगळी. मजुरी करणाऱ्या माणसाचे ५०० रुपये असे जाऊ देऊ नका. स्टॅम्प मागणाऱ्याला कोणत्या नियमाने ते लेखी द्यायला सांगा.

अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करून ६० दिवसांत दोषारोपपत्र द्यायचे असते. पीडिताला सरकारी मदत मिळते: अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळीच्या गुन्ह्यात १ लाख रुपये, त्यातले २५ हजार एफआयआरनंतर, ५० हजार दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेले २५ हजार शिक्षा झाल्यावर. मदतीची व्यवस्था जिल्हा प्रशासनाने ७ दिवसांत करायची असते. साक्षीला किंवा तपासाला जाण्याचे बसभाडे, बुडालेली मजुरी आणि जेवणखर्चही मिळतो, ताबडतोब किंवा फार तर ३ दिवसांत. यासाठी देवरीच्या उपविभागीय अधिकारी कार्यालयात तिकिटांसह अर्ज करा. आमगावमार्गे गोंदियाला जायचे तर एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहेच. तेवढ्याचेही तिकीट फेकू नका. मदतीतून टक्का मागणारा कोणी भेटला तर त्याला दूर ठेवा, या मदतीला कसलीही फी नाही. ठाणे किंवा कार्यालय टाळाटाळ करत असेल तर १४५६६ हा अत्याचारविरोधी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

गावातच मिटवू म्हणणाऱ्यांबद्दल

महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे वाद गावातच मिटले याचे समाधान आहे. पण पाणवठ्यावर जातीवरून अडवले, हा दोन शेजाऱ्यांमधला तंटा नाही. असा प्रकार तंटामुक्ती समितीपुढे ठेवला की एक बैठक सणामुळे पुढे ढकलली जाते, दुसरी धानकापणीमुळे, आणि समितीत गेलेले महिने कायद्याच्या मुदतीतून वजा होत नाहीत. उशिराचे कारण म्हणून ते सांगता येईल, मान्य होईलच असे नाही. माझे मत स्पष्ट आहे: भेदभावाचे प्रकरण समितीपुढे न्यायचेच असेल, तर तक्रार देऊन तिची पोच हातात आल्यावर न्या.

मजुरी, अपंगत्व, आयोग

एकाच किंवा सारख्या कामाला बाई म्हणून कमी मजुरी देणे हे वेतन संहितेने मना केले आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. थकलेल्या फरकाचा दावा ३ वर्षांच्या आत करायचा. जुन्या किमान वेतन कायद्यात ही मुदत ६ महिन्यांची होती, त्यामुळे ‘वेळ गेली’ असे जुन्या माहितीवर कोणी सांगितले तर थांबू नका. चौकशी गोंदियाच्या कामगार कार्यालयात करा. मजुरीची नोंद वहीत ठेवणे इतकेच आधी करायचे आहे: तारीख, काम, बाईला किती, पुरुषाला किती.

दिव्यांगांना सरकारी नोकरीत भेदभाव झाला तर त्या कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. त्याने २ आठवड्यांत चौकशी करायची असते, समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. लोकांसमोर अपमान केला असेल तर तो गुन्हा ५ वर्षांपर्यंत शिक्षेचा आहे, त्याला मुदत नाही.

सरकारी अधिकाऱ्याने किंवा पोलिसांनी भेदभाव केला, अथवा तो रोखण्यात हयगय केली, तर मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील नको, मराठीत लिहिलेले चालते, दुसऱ्याच्या वतीनेही करता येते. मुदत घटनेपासून १ वर्ष, त्यानंतर आयोग चौकशी करू शकत नाही. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. म्हणून हा अर्ज एफआयआरच्या जोडीने द्या, एफआयआरऐवजी नव्हे.

तक्रारीचे पुढे काय झाले ते माहिती अधिकारातून काढता येते. अर्जाला १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाही. प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर यायला हवे. न आल्यास त्यापुढच्या ३० दिवसांत पहिले अपील, त्याला २० रुपये.

वकिलाचे पैसे

आता तो पहिला प्रश्न. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही महिला, मूल आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्न किती आहे हे न विचारता मोफत वकील मिळतो. देवरीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत किंवा गोंदियाच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा; जातीचा दाखला आणि ओळखपत्र सोबत न्यायचे. फोन १५१००. अत्याचाराचा खटला सरकारी वकील चालवतात, त्यांनाही काही द्यायचे नसते. म्हणजे या लेखातील बहुतेक पीडितांना वकिलासाठी एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. जातीचा दाखला अजून काढलेला नसेल तर तो काढायला लागा, पण त्याची वाट बघत तक्रार थांबवू नका. दाखला मागाहून जोडता येतो.

ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच लिहिता येईल, बाहेर पडता येईल, असे नसते. गुन्ह्याची खबर कोणीही देऊ शकतो. तेव्हा शिक्षक, आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, कॉलेजात जाणारी मुले, ज्यांना चार ओळी लिहिता येतात त्यांना विनंती आहे: शेजाऱ्याची तक्रार त्याच दिवशी लिहून द्या, वर तारीख टाका, दोन प्रती करा आणि दुसरीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.